दिवाडी, चोडण की काणकोण? पाच रात्रींचे योग रिट्रीट कशावरून निवडावे

आबोली
नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याच्या सहा जणी, वय ४५ ते ६२. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गोव्यातच ५ रात्रींचे योग रिट्रीट करायचे आहे. एकीला रक्तदाबाची गोळी चालू आहे, एकीचे गुडघे दुखतात, दोघींना सूर्यनमस्कारापलीकडे फारसे येत नाही, उरलेल्या दोघी नियमित करतात. समोर तीन पर्याय आहेत: दिवाडी बेटावरचे एक जुने घर, चोडणला खाजनाच्या काठी एक लहान जागा आणि काणकोणात किनाऱ्यावर झोपड्यांचे रिट्रीट. तिन्हीकडचे फोटो सुंदर आणि मजकूर जवळजवळ सारखाच. बेटावर शांतता मिळेल म्हणून मन तिकडे ओढते. कशावरून ठरवावे? जागांची नावे मुद्दाम देत नाही, कारण मला निकष हवे आहेत.

मांडवीकाठ
आबोलीताई, जागेच्या आधी वेळापत्रक मागवा. ‘सकाळी योग, संध्याकाळी ध्यान’ एवढ्याने भागत नाही. तारीखवार हवे: कुठल्या दिवशी कुठला वर्ग, किती मिनिटांचा, शिकवणार कोण. पाच रात्री म्हणजे पूर्ण दिवस चारच. आल्या दिवशी एक संध्याकाळ, निघायच्या दिवशी फार तर एक सकाळ. पुष्कळ ठिकाणी त्या चारांतला एक दिवस ‘सहल’ किंवा ‘मोकळा दिवस’ असतो आणि एका संध्याकाळी नुसते संगीत. मग शिकवण्याचे तास दहाच्याही खाली येतात. पूर्ण दिवसाला सव्वातीन ते साडेतीन तास प्रत्यक्ष शिकवणे असावे: सकाळी ९० मिनिटे आसने, त्याला जोडून ३० मिनिटे प्राणायाम, संध्याकाळी ७५ ते ९० मिनिटे सावकाश सराव किंवा योगनिद्रा.

दुसरी गोष्ट शिक्षकाची. जाहिरातीत ज्यांचा फोटो आहे तेच सगळे दिवस शिकवणार का, हे सरळ विचारा. हंगामात एकच शिक्षक दोन-तीन ठिकाणी वर्ग घेतो आणि मधले दिवस बदली शिक्षक येतो. बदली शिक्षक वाईट असतो असे नाही, पण त्याला तुमचा गुडघा ठाऊक नसतो.

प्रमाणपत्राचे म्हणाल तर ‘आरवायटी २००’ म्हणजे योगा अलायन्स या अमेरिकी संस्थेकडची नोंद. २०० तासांचा अभ्यासक्रम केला एवढेच ती सांगते. ती संस्था स्वतः परीक्षा घेत नाही. हे २०० तास साधारण २१ ते २८ दिवसांत उरकतात. आपल्याकडे आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतले योग प्रमाणन मंडळ लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घेते. त्यातली ‘योग वेलनेस इन्स्ट्रक्टर’ किंवा वरची पातळी असेल तर निदान कोणीतरी शिकवताना पाहून गुण दिले आहेत एवढे कळते. तरी माझ्या मते कागदापेक्षा मोठा प्रश्न हा: ५०च्या पुढच्या, मिश्र पातळीच्या गटाला तुम्ही किती वर्षे शिकवता आहात?

सुरंगी
मांडवीकाठ यांना अनुमोदन. मी शालेबद्दल लिहिते. (योगवर्गाच्या मांडवाला सगळे ‘शाला’ म्हणतात, तोच शब्द वापरते.)

शालेचा फोटो नको, लांबी-रुंदी मागा. मॅट साधारण २ फूट बाय पावणेसहा फूट असते. हात पसरायला, पाय मागे टाकायला जागा धरली तर माणशी ४ बाय ८ फूट, म्हणजे ३२ चौरस फूट. बारा जणांना ३८४, शिवाय शिक्षकाला फिरायला वाट. म्हणजे ४५० चौरस फुटांखालच्या जागेत बारा जण घेत असतील तर त्रिकोणासनात एकमेकींचे हात लागणार.

भिंत आहे का हे विचारा. बांबूचा चारी बाजूंनी उघडा, गोल किंवा अष्टकोनी मांडव दिसतो छान, पण गुडघे-पाठ दुखणाऱ्यांना भिंत लागतेच. विपरीत करणीला पाय टेकवायला, वृक्षासनात तोल सांभाळायला, अर्धचंद्रासनात पाठ लावायला. माणशी तीन फूट मोकळी भिंत धरा, सहा जणींना अठरा फूट. चोडणच्या जागेला ती नसेल तर गुडघेवालीचे निम्मे काम अडेल.

साहित्याची मोजणी करा: माणशी दोन ब्लॉक, एक पट्टा, दोन घोंगड्या, एक लोड, आणि सहा जणींत निदान दोन पाठीच्या लोखंडी घडीच्या खुर्च्या. ‘सगळे प्रॉप्स आहेत’ या उत्तरावर थांबू नका. शालेच्या कपाटाचा फोटो मागवा, त्यात मोजता येते. वज्रासनात गुडघा दुखत असेल तर घोंगडीची घडी पोटरी आणि मांडीच्या मध्ये जाते, बसायला पायांमध्ये ब्लॉक. हे साहित्य नसले की शिक्षक ‘जमेल तेवढे करा’ म्हणतो, आणि त्यातूनच इजा होते.

जमीन: सिमेंटवर ४ मिलिमीटरची मॅट गुडघ्याला टोचते, ६ची न्या किंवा घडी घाला. लाकडी डेक उघडा असेल तर जानेवारीत सकाळी दवाने ओला असतो, उभ्या आसनांत मॅटच सरकते. वर्गाच्या आधी डेक पुसतात का, छप्पर पुढे किती आले आहे, हे विचारा. दमट हवेत नवी पीव्हीसी मॅट घामाने निसरडी होते. वर सुती सतरंजी टाकली की पकड येते. रबराची मॅट पकड चांगली देते पण उन्हात वाळवू नका, लवकर भुगा होतो. लेटेक्सची अॅलर्जी असणाऱ्यांनी ती टाळावी.

खाजन
बेटांबद्दल लिहितो. दिवाडी आणि चोडण दोन्ही मांडवीतली बेटे, पण सोयीने वेगळी. दिवाडीला पूल नाही, फेरीबोटच: जुने गोवे, रायबंदर किंवा पलीकडून नार्वे. चोडणला रायबंदरहून फेरी आहे, शिवाय मये-डिचोलीच्या बाजूने रस्त्याने जाता येते. प्रवास पाच-दहा मिनिटांचाच, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. अडचण वाट पाहण्याची. सकाळ-संध्याकाळ कामावर जाणाऱ्यांची गर्दी असते आणि चारचाकीला दोन-तीन फेऱ्या थांबावे लागू शकते. सहा जणी सामानासह असाल तर गाडी अलीकडे ठेवा, सामान घेऊन चालत चढा, पलीकडे रिट्रीटवाल्यांना रिक्षा किंवा गाडी पाठवायला सांगा. बाहेरगावची कोणी मैत्रीण रेल्वेने येणार असेल तर दिवाडीसाठी करमळी स्टेशन जवळचे.

तारखा पाहून घ्या. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचे फेस्त (वार्षिक उत्सव), त्याच्या नऊ दिवस आधीपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना. व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्याकडे जाणारी वाट याच गर्दीतून जाते. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेराम हा झेंड्यांचा उत्सव. तुमच्या जानेवारीच्या तारखांना यातले काही आड येत नाही.

रात्रीची शेवटची फेरी किती वाजता आणि त्यानंतर कोणाला बरे नसले तर कसे हलवणार, याचे उत्तर लेखी घ्या. १०८ची रुग्णवाहिका दिवसा फेरीने येऊ शकते, रात्रीचा प्रश्न वेगळा. एकदा पलीकडे उतरलात की बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ) फार लांब नाही. या बाबतीत चोडणला रस्ता असल्याचा फायदा आहे, जरी तो वळसा मोठा.

पाणी: खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या दाराची, फळी नादुरुस्त झाली की खारे पाणी आत शिरते आणि जवळच्या विहिरीही मचूळ होतात. आंघोळीला चालते, पिण्याला नाही. पिण्याचे पाणी नळाचे, टँकरचे की बाटलीचे, आणि गाळणी कुठली, हे विचारा. तिसरे म्हणजे डास. चोडणला तर शेजारीच डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याचे खारफुटीचे जंगल आहे. सूर्यास्ताच्या आसपास, जानेवारीत सव्वासहा-साडेसहाला, उघड्या शालेत डोळे मिटून बसणे अवघड होते. संध्याकाळचे ध्यान एकतर पाचला हवे किंवा जाळी लावलेल्या खोलीत.

आबोली
खाजनभाऊ, हे जाहिरातीत कुठेच नव्हते. रिट्रीटवाल्यांनी संध्याकाळचे ध्यान साडेसहाला ‘सूर्यास्त डेकवर’ लिहिले आहे.

खाजन
मग जाळीच्या खोलीत घ्याल का असे विचारा. पूर्वी पाहुण्यांकडून ही तक्रार ऐकली असेल तर ते लगेच होकार देतील.

गालजीबाग
काणकोणची बाजू मांडतो. पाटणे, पाळोळे, आगोंद इथल्या किनाऱ्यावरच्या झोपड्या हंगामी असतात. पावसाळा संपला की उभ्या राहतात आणि पावसाआधी काढाव्या लागतात. किनारी क्षेत्र प्राधिकरणाची आणि पर्यटन खात्याची परवानगी लागते. परवानगी उशिरा आली की झोपड्या उशिरा उभ्या राहतात, म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीचे बुकिंग अर्धवट बांधकामात सापडते. जानेवारीला तो धोका नाही.

झोपडीच्या भिंती प्लायवूडच्या किंवा बांबूच्या असतात, शेजारचा खोकलाही ऐकू येतो. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, तरी शेजारी कुठला शॅक आहे ते नकाशावर पाहा. आगोंद आणि गालजीबाग ही ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंडी घालण्याची जागा, तिथे हंगामात किनाऱ्यावरच्या दिव्यांवर आणि आवाजावर निर्बंध असतात. शांतता हवी असेल तर पाळोळ्याच्या मध्यापेक्षा आगोंद बरे. उत्तरेत मोरजी आणि मांद्र्यालाही कासवांचे पट्टे आहेत. हरमलला मात्र शांततेची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

समुद्रात उतरणार असाल तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच, जीवरक्षक असतील त्याच वेळी. दमवणाऱ्या वर्गानंतर लगेच पोहायला जाऊ नका. आणि अंतर लक्षात घ्या: काणकोणात सामाजिक आरोग्य केंद्र आहे, पण मोठे इस्पितळ मडगावला, करमल घाट ओलांडून तासभर. रक्तदाबवाल्या ताईंसाठी हे मोजायला हवे.

नाडी
वैद्यकीय बाजू. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या बाईंनी जाण्यापूर्वी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वही ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. रक्तदाब ताब्यात नसेल तर शीर्षासन, सर्वांगासन नको. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणे नको. हर्निया, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असणाऱ्यांनीही हे आधी सांगावे. काचबिंदूत डोके खाली असताना डोळ्यातला दाब वाढतो. लघवी वाढवणारी गोळी असेल तर दमट हवेत घामाने मीठ-पाणी जाऊन उठताना चक्कर येते. शवासनातून कुशीवर वळून, हातांचा आधार घेऊन, अर्धे मिनिट बसून मग उठावे.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन कोणी घेत असेल तर रिकाम्या पोटी ९० मिनिटांचा वर्ग साखर खाली आणू शकतो. डोसची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्या, मॅटशेजारी ग्लुकोज ठेवा आणि शिक्षकाला सांगून ठेवा.

आता शुद्धिक्रिया. पुष्कळ रिट्रीट ‘डिटॉक्स’ म्हणून शंखप्रक्षालन ठेवतात. यात दोन-दोन पेले कोमट मिठाचे पाणी पिऊन ताडासन, तिर्यक ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासन, उदराकर्षणासन ही मालिका प्रत्येकी आठ वेळा करतात. लघु प्रकारात सहा पेले, पूर्ण प्रकारात सोळा किंवा जास्त. त्यानंतर पाऊण तास न झोपता विश्रांती, मग तूप घालून मऊ खिचडी, आणि पुढे काही दिवस दूध, आंबट, तिखट वर्ज्य. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, अल्सर, हृदयरोग असणाऱ्यांना हे चालत नाही, कारण एवढे मीठ आणि पाणी एकदम शरीरातून जाते. निरोगी माणसाचाही एक पूर्ण दिवस यात जातो आणि घरी परतल्यावरचे पथ्य पाळले जात नाही. पाच रात्रींच्या शिबिरात ते ठेवणाऱ्या जागेवर माझा तरी विश्वास बसत नाही. तुमच्या गटाने पूर्ण टाळावे.

जलनेतीला (मिठाच्या पाण्याने नाक धुण्याला) हरकत नाही, पण पाणी उकळून कोमट केलेले हवे, नळाचे किंवा विहिरीचे थेट नाही. अर्ध्या लिटरला पाऊण सपाट चमचा मीठ. कमी पडले की नाकात झोंबते, जास्त झाले तरी झोंबते. प्रत्येकीला वेगळे पात्र. नंतर पुढे वाकून, दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलके श्वास सोडत पाणी काढायचे. नाक दाबून जोरात शिंकरले तर पाणी कानाकडे जाते.

मांडवीकाठ
नाडी यांच्या प्रतिसादाला जोडून शैलीबद्दल. तुमच्या सहा जणींना एकाच ‘व्हिन्यासा फ्लो’मध्ये बसवले तर दोघी खूश, चौघी जखमी. त्यात प्रत्येक आसनाच्या मध्ये चतुरंग दंडासन येते, तासाभरात ते तीस-चाळीस वेळा होऊ शकते. मनगटे आणि खांदे आधी बोलू लागतात. अष्टांग पद्धतीच्या जागेत अमावास्या-पौर्णिमेला आणि बहुधा शनिवारी सुट्टी असते, ती तुमच्या चार दिवसांत येते का पाहा. तुम्हाला अय्यंगार पद्धतीचा किंवा साधा हठयोगाचा, आसन धरून दुरुस्त करणारा वर्ग योग्य. हात लावून दुरुस्ती करतात का आणि ‘नको’ म्हणायची सोय कशी आहे, हेही विचारा. चांगल्या जागी पहिल्याच दिवशी सांगतात, किंवा मॅटच्या टोकाला ठेवायला पट्टी देतात.

पिंपळपार
जरा विषयांतर. मला सुट्टी फक्त मे किंवा जुलैमध्ये मिळते. तेव्हा गोव्यात काय? की बाली, श्रीलंका?

लाटांपार
पिंपळपार, मे महिन्यात गोव्यात उकाडा आणि काही भागांत पाण्याची टंचाई, जूनपासून धो धो पाऊस. समुद्रात उतरायचे नसेल आणि छप्पर पक्के असेल तर पावसातले गोवे ध्यानाला छान, दरही उतरतात. मात्र कपडे, घोंगड्या, मॅट काहीच वाळत नाही, खोल्यांना बुरशीचा वास येतो. ड्रायर आहे का विचारा. बेटावर वादळी वाऱ्यात किंवा पुराच्या पाण्यात फेरी थांबू शकते.

बालीचा कोरडा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे आपल्या उलट. उबुड समुद्रापासून आत, भातशेतीत आहे. किनारा हवा असेल तर तिकडचे बुकिंग करू नका. मार्चच्या सुमारास तिथे न्येपी येतो, त्यांच्या शक संवत्सराचा पहिला दिवस. त्या दिवशी विमानतळही २४ तास बंद असतो आणि पर्यटकांनाही बाहेर पडता येत नाही. श्रीलंकेत नैऋत्य किनारा डिसेंबर ते मार्च चांगला, मे ते सप्टेंबर पूर्व किनारा. थायलंडच्या को समुईला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, मे-जुलै तिथे चालेल. फुकेतचा पाऊस मात्र आपल्यासारखा मे ते ऑक्टोबर, दोन्ही बेटे एकाच देशातली म्हणून फसू नका.

तिझान
जेवणाबद्दल कोणी लिहिले नाही. वर्गाआधी तीन ते चार तास जड काही नको, म्हणून वेळापत्रकात दुपारचे जेवण दीडला आणि संध्याकाळचा वर्ग साडेतीनला असेल तर ते चुकलेच. सकाळी साडेसहाच्या वर्गाआधी कोमट पाणी किंवा अर्धे केळे पुरे. नऊ वाजता पोटभर नाश्ता हवा. परदेशी पाहुण्यांच्या हिशेबाने नुसती फळे आणि स्मूदी ठेवतात, आपल्या बायकांना अकराला भूक लागून डोके दुखते. उकड्या तांदळाची पेज, नाचणीची तिझान, मुगागाठी, भाकरी, अळसांद्यांची भाजी करून द्याल का असे विचारा. दिवाडी-चोडणच्या घरगुती स्वयंपाकघरात हे आनंदाने करतात. घाम जास्त गेला तर ताक मीठ घालून. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, थोडे थोडे प्यायचे. रक्तदाब असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारून. स्वयंपाकघराचा एफएसएसएआय नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका.

जमाखर्च
दर कसे तोलावे ते सांगतो. समजा ५ रात्रींचे माणशी ४०,००० मागितले. त्याच भागात तशाच खोलीचा रात्रीचा दर शोधा, समजा दोघींत ८,००० म्हणजे माणशी ४,०००, पाच रात्री २०,०००. जेवण दिवसाला १,२०० धरले तर ६,०००. उरले १४,०००. त्याला प्रत्यक्ष शिकवण्याच्या तासांनी भागा. १५ तास असतील तर तासाला साधारण ९३३, नऊ तास असतील तर १,५५५. तिन्ही जागांचा असा हिशेब मांडला की कोण योग विकतो आणि कोण खोली विकतो ते कळते.

दर जीएसटीसह की वेगळा, फेरीच्या धक्क्यावरून आणणे धरले आहे का, मॅटचे भाडे आहे का, हे लेखी घ्या. आगाऊ रक्कम पाव ते निम्मी ठीक, पूर्ण रक्कम आधी नको. पैसे संस्थेच्या खात्यावर द्या, शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यावर नको. रद्द केल्यास परतावा किती दिवस आधीपर्यंत, आणि त्यांनीच शिक्षक बदलला तर काय, हे दोन्ही विचारा. जागा पर्यटन खात्याकडे नोंदलेली असावी. गोव्यात पाहुण्यांना राहायला देणाऱ्यांना १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली ती लागते. फिरायला स्कूटर घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेणे बेकायदा आहे.

आबोली
सर्वांचे खूप आभार. तिन्ही ठिकाणी प्रश्न पाठवले. काणकोणच्या जागेत शिक्षक दोन दिवसांनी बदलतो असे त्यांनीच कळवले, आणि करमल घाटाचे अंतर पाहता ते बाजूला ठेवले. चोडणला शाला उघडी, भिंत नाही, पण रस्ता आहे. दिवाडीला जुन्या घराचा सोपा (पडवी) आहे, एका बाजूला २२ फूट भिंत, शिक्षिका एकच, अय्यंगार पद्धतीच्या, खुर्च्या चार. शिकवण्याचे तास १४. रात्रीच्या फेरीबद्दल मात्र ‘काळजी करू नका’ एवढेच उत्तर आले.

खाजन
‘काळजी करू नका’ हे उत्तर घेऊ नका. नेमके विचारा: रात्री घरात गाडी आणि चालक असतो का, फेरीच्या कर्मचाऱ्यांशी रात्री संपर्क कसा करतात, बेटावर जवळचा डॉक्टर कोण. दिवाडीत वर्षानुवर्षे राहणाऱ्या घरमालकाकडे या तिन्हींची उत्तरे तयार असतात. तुमची जागा बाहेरून येऊन चालवली जात असेल तर घरमालकाशीच फोनवर बोला.

नाडी
आणि रक्तदाबवाल्या ताईंनी मोजायचे यंत्र सोबत न्यावे, औषधे दोन दिवसांची जास्तीची. शिक्षिकेशी आधी एक फोन करून द्या. कोणती आसने वगळणार आणि त्याऐवजी काय देणार हे त्यांनी न अडखळता सांगितले तर माझे मत दिवाडीला.

सुरंगी
त्याच फोनवर सोप्याची जमीन कसली ते विचारा. जुन्या घरांत बहुधा गुळगुळीत लाल सिमेंट किंवा फरशी असते, सकाळी गार आणि घसरडी. सहा मिलिमीटरच्या मॅटखाली आणखी एक सतरंजी मिळाली तर गुडघेवालीला बरे पडेल. नसेल तर फोंड्याहून न्या, फेरीत सतरंजीचे ओझे काही होत नाही.